वास गेला तेव्हा

१

वरच्या डेकवर लग्न लागले, तेव्हा नवरीचे आजोबा खाली आपल्या केबिनच्या न्हाणीघरात फरशीवर पडलेले होते, आणि हे कोणालाही ठाऊक नव्हते.

पायाला बँडेज असल्यामुळे जिने चढणे त्यांना जमणार नव्हते. "तुम्ही उरकून घ्या, मी खिडकीतून आशीर्वाद देतो," असे त्यांनीच सकाळी सांगितले होते. समारंभ आटोपल्यावर सून केकचा तुकडा घेऊन खाली आली आणि तिच्या किंकाळीने सारा मजला गोळा झाला. आजोबा जिवंत होते, पण शुद्धीवर येत नव्हते. जहाजाच्या डॉक्टरांनी 'विषारी वायू' एवढेच निदान केले आणि ऑक्सिजन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुन्हेगारही सापडला होता. त्या केबिनची साफसफाई करणाऱ्या सेविकेच्या ढकलगाडीत ब्लीचची बाटली निघाली. जहाजावर ब्लीच आणायला सक्त मनाई होती. संडास घासायचे ॲसिड गाडीत असतेच. आणि ॲसिडमध्ये ब्लीच पडले की क्लोरीन सुटतो, हे शाळकरी ज्ञान. दोन अधिक दोन करायला कोणाला वेळ लागला नाही.

कप्तानांनी पर्यावरण अधिकाऱ्यांना बोलावून घेतले. जहाजातून हवेत, पाण्यात आणि नळांत काय काय जाते यावर लक्ष ठेवणे हे या बाईंचे काम, शिक्षण रसायनशास्त्राचे. खलाशी त्यांना समोर मॅडम म्हणत आणि पाठीमागे गटारबाई. दोन्ही नावे त्यांना माहीत होती, आणि दुसरे अधिक अचूक आहे असे त्यांचे मत होते.

"दुपारी आपण बंदराला लागतोय," कप्तान म्हणाले. "पोलिसांना कळवलंय. मुलीला त्यांच्या ताब्यात द्यायचं. तुम्ही फक्त क्लोरीन होता एवढं लिहून द्या."

"होता का?"

"बाटली सापडली आहे, मॅडम."

"बाटली सापडली म्हणजे बाटली होती. क्लोरीनचं बघून सांगते."

कप्तानांनी कपाळ चोळले. "नवरीचे वडील काल संध्याकाळपासून माझ्या उरावर बसलेत. म्हातारे गेले तर खुनाचा गुन्हा नोंदवायचा म्हणतात. त्यात आज दुपारी वर स्वागत समारंभ आहे. ही मुलगी एकदा खाली उतरली की निदान तो तरी शांतपणे पार पडेल."

"आणि तिनं काही केलं नसेल तर?"

कप्तानांनी घड्याळाकडे पाहिले.

२

सेविकेला खालच्या मजल्यावर एका रिकाम्या खोलीत कोंडले होते. कित्येक महिने तिथे कोणी राहिले नव्हते. खालच्या बिछान्यावर जुन्या गाद्यांची चळत रचलेली होती, म्हणून ती वरच्या बिछान्यावर पाय लोंबकळत ठेवून बसली होती. रडून झाले होते. आता तिच्या चेहऱ्यावर नुसता राग होता.

"ब्लीच माझंच आहे," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"कशासाठी आणलंस?"

"आजोबा केसांना कलप लावायचे, नातीच्या लग्नासाठी. उशीला काळे डाग पडले. मला म्हणाले, 'सुनेला दिसलं तर वर्षभर चिडवेल, काहीतरी कर बाळ.' मागच्या बंदरावर बाटली घेतली, अभ्रे आमच्या धुण्याच्या खोलीत बुचकळून काढले. त्यांच्या न्हाणीघरात बाटली नेलीच नाही."

"याला पुरावा?"

"अभ्रे पांढरे आहेत. आणखी काय देऊ?"

अधिकाऱ्यांना हे उत्तर आवडले. पुरावा म्हणून ते लंगडे होते, पण त्यात नाटक नव्हते.

"न्हाणीघरातल्या जाळीत रोज पाणी ओततेस ना?"

सेविकेने मान खाली घातली. "आधी ओतायचे. तुम्हीच शिकवलं होतं, तांब्याभर पाणी आणि चमचाभर तेल. मग मुकादमीण बाई म्हणाल्या, या केबिनमध्ये पाणी नको, फरशी कोरडी ठणठणीत ठेव. आजोबा घसरतील म्हणून घरच्यांनी तक्रार केली होती. तेव्हापासून मी फडक्यानं जाळीपर्यंत सगळं टिपून घ्यायचे. आणि पायामुळे आजोबा शॉवर घेत नव्हते, बेसिनशी अंग पुसायचे."

"काल सकाळी ते काय म्हणाले? आठवून सांग."

"मी चादरी बदलायला गेले तेव्हा म्हणाले, 'अगं, घाण वास येतोय, अंडं सडल्यासारखा.' मी म्हटलं, समारंभवाल्यांची गडबड संपली की कोणाला तरी पाठवते. थोड्या वेळानं जाताना दारातून विचारलं, तर स्टुलावर बसून बँडेज सोडत होते. म्हणाले, 'गेला बघ वास. तू जा, लग्न बघ.'"

अधिकारी उठून उभ्या राहिल्या.

"वास गेला, असंच म्हणाले? नक्की?"

"हो. त्यात काय एवढं? बरंच झालं ना?"

३

नाक हा साक्षीदार आहे, पण फितूर होणारा, असे त्या नव्या खलाशांना शिकवताना सांगत. सांडपाणी साठून कुजले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की वास घेणारी नसच बधिर होते आणि माणसाला वाटते, संकट टळले.

पण हा अजून तर्क होता. त्यांनी आजोबांच्या केबिनचे सील उघडायला लावले, कमरेचा वायुमापक सुरू केला आणि खिडकी सताड उघडून, आकडा खाली येईपर्यंत दारातच थांबल्या.

आजोबा निवृत्त घड्याळजी होते. वरच्या हवेच्या जाळीत त्यांनी गडद निळा, ओला टॉवेल कोंबलेला होता. पंख्याची बेताल घरघर त्यांना सहन होत नसावी. म्हणजे हवा खेचली जात नव्हती. टॉवेलचा निळा रंग मात्र जसाच्या तसा होता. माणूस बेशुद्ध पडेल इतका क्लोरीन ओल्या कापडाला लागला असता, तर रंग उडाला असता. शिवाय क्लोरीनने डोळे झोंबतात, खोकल्याची उबळ येते. माणूस लंगडत का होईना, बाहेर धावतो. आजोबा स्टुलावरून नुसते कलंडले होते.

बेसिनच्या फळीवर त्यांचे चांदीचे घड्याळ होते, रोज पुसून आरशासारखे ठेवलेले. ते कोळशासारखे काळे पडले होते; हायड्रोजन सल्फाइड लागला की चांदी अशीच काळवंडते.

चांदी खोटे बोलत नाही. निदान नाकापेक्षा कमी बोलते.

त्या गुडघ्यांवर बसल्या. न्हाणीघराच्या जाळीखाली नळीला बाक दिलेला असतो. त्या बाकात साचलेले पाणी खालच्या टाकीतली हवा अडवून धरते. त्यांनी तांब्या रिकामा केला. पाणी गडगडत खोल गेले, वर दिसेना. बाक कोरडा होता. दुसरा तांब्या ओतल्यावर कुठे पाणी दिसले.

इथवर सारे जुळत होते. मग पाण्यातून बुडबुडा आला. त्यामागून दुसरा.

कोरड्या बाकातून वास वर झिरपतो, हे ठीक. पण भरलेल्या बाकातून बुडबुडे यावेत म्हणजे खालून कोणीतरी हवा रेटत होते. टाकी भरत जाते तशी आतली हवा बाहेर पडायला वरच्या डेकपर्यंत एक हवानळी नेलेली असते. हवा तिथून जायला हवी होती. इकडे का येत होती?

त्यांनी आणखी पाणी ओतले, वर ते सुकू नये म्हणून चमचाभर तेल. बुडबुडे मंदावले आणि थांबले.

त्यांना बरे वाटले. पुढे कित्येक दिवस त्या क्षणाची आठवण त्यांना बोचत राहिली.

४

नवरीचे वडील बैठकीच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. सून, म्हणजे त्यांची पत्नी, खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"मॅडम, मला रसायनशास्त्र नको," ते म्हणाले. "माझे बाबा तिथे नळ्या लावून पडलेत. त्या पोरीच्या गाडीत विष सापडलंय. विषय संपला."

"तिला तुमच्या वडिलांना मारून काय मिळणार होतं?"

"निष्काळजीपणा म्हणा. कोर्टात ठरेल काय ते."

"काल सकाळी केबिनमध्ये काही वेगळं जाणवलं?"

"मी खाली होतोच कुठे? पहाटेपासून वर राबत होतो." त्यांचा आवाज किंचित उतरला. "वर इतकी प्रसन्न हवा होती, नुसता फुलांचा दरवळ. आणि खाली हे."

सुनेने हळूच तोंड उघडले. "अहो, ती गुडगुड सांगा ना."

"कसली गुडगुड? काहीतरीच तुझं."

"काही नाही कसं? आमच्या बेसिनमध्ये गुडगुड होत होती, मॅडम, पोटात गॅस झाल्यासारखी. मी यांना म्हटलं, तर म्हणाले, जहाज आहे, आवाज येणारच."

"फरशी कोरडी ठेवायला कोणी सांगितलं होतं?"

"मी." सुनेने पदर बोटाला गुंडाळला. "मामंजी एकदा घसरता घसरता वाचले. म्हणून मुकादमीण बाईंना सांगितलं. चुकलं का माझं?"

"काळजी चुकीची नव्हती," अधिकारी म्हणाल्या. त्यांना खोटा दिलासा देता येत नसे. हे त्यातल्या त्यात जवळचे होते.

मुकादमीण तेवढ्यात चादरी मोजायला आली होती. तिला दारातच विचारले. "मी पाणी ओतू नको म्हटलं नव्हतं," ती तावातावाने म्हणाली. "फरशी ओली नको म्हटलं होतं."

"पाणी ओतल्यावर फरशी ओली होत नाही का?"

मुकादमिणीने एकच चादर पुन्हा मोजली.

सुनेने मोबाइल पुढे केला. "बघा ना मॅडम, काल किती छान झालं होतं. मामंजी असते तर..."

फोटोत नवरानवरी फुलांच्या दोन खांबांमध्ये उभे होते. उजवा खांब उंच, सुबक. डावा हातभर बुटका आणि वरच्या टोकाला थोडा वाकलेला.

"हे खांब अजून आहेत?"

"आहेत की. आजच्या स्वागताला तेच ठेवलेत."

अधिकारी उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या. नवरीचे वडील मागून म्हणाले, "आता फुलांवर खटला भरता काय?"

५

वरच्या डेकवर पाहुणे जमू लागले होते. समारंभाची संयोजिका टेबलांवरच्या घड्या सरळ करत होती.

अधिकारी मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला. फुले, समुद्र, कोणाचे तरी अत्तर. या डेकच्या मागच्या टोकाला नेहमी सांडपाण्याचा पुसट दर्प असे. तक्रारी त्यांच्याच टेबलावर येत. कालपासून जहाज किनाऱ्यालगत होते. किनाऱ्याजवळ सांडपाणी समुद्रात सोडता येत नाही, सारे टाकीत साठते. म्हणजे दर्प नेहमीपेक्षा जास्त हवा होता. तो मुळीच नव्हता.

"डावा खांब बुटका का?" त्यांनी विचारले.

संयोजिकेने डोळे मिटले. "तुम्हालाही दिसलं? त्यापायी झोप नाही मला. पण काय करणार, तो खांब नाहीच. तिथे तो मेला वाकड्या तोंडाचा पाइप आहे, त्यालाच सजवला."

"फुलांच्या आत काय आहे?"

"प्लॅस्टिक. चांगलं तीन पदरी गुंडाळून चिकटपट्टी मारली. त्याच्या वाफेनं फुलं काळवंडत होती. आणि गंमत म्हणजे वासही गेला. साहेब इतके खूश."

"कोणते साहेब?"

"नवरीचे वडील. त्यांनीच तर बजावलं होतं, 'काहीही करा, पण माझ्या एकाही पाहुण्याचा हात नाकाला लागता कामा नये.'"

अधिकाऱ्यांनी टेबलावरची केक कापायची सुरी उचलली.

"अहो, काय करताय? पाहुणे आहेत."

"वारा जिकडून येतोय, त्या बाजूला घ्या त्यांना."

त्यांनी श्वास रोखून, हात लांब करून सुरी चालवली. फुले भराभर खाली आली, मग फुगलेले प्लॅस्टिक. ते फाटताच आतून दीर्घ उसासा सुटला आणि मागोमाग असा दर्प आला, की पहिल्या रांगेतल्या खुर्च्या जागच्या जागी रिकाम्या झाल्या. टाक्यांचा दुय्यम अभियंता धावत वर आला.

"बाई, टाकीतला दाब आत्ता एकदम उतरला. काय केलंत?"

"आधी सांगा, कालपासून चढत नव्हता का?"

"चढत होता, पण कुठेतरी थांबायचा. जणू कुठून तरी गळतोय."

"गळत होता, आजोबांच्या केबिनमध्ये. ती वाट तर मी मघाशी पाणी ओतून..."

त्या थांबल्या. हातातली सुरी त्यांनी सावकाश टेबलावर ठेवली.

बुडबुडे थांबले होते. हवानळी तेव्हा बंदच होती आणि टाकी भरतच होती, तरी बुडबुडे थांबले होते. दाब आपोआप नाहीसा होत नसतो. त्याला दुसरी वाट मिळालेली असते, जिथल्या बाकात पाणी नावापुरतेच उरले आहे अशी.

"त्याच उभ्या नळावर, खालच्या मजल्यावर, कोणती खोली रिकामी असते? जिथलं पाणी कोणी वापरत नाही?"

अभियंत्याने सांगण्याआधीच त्या जिन्याकडे धावल्या होत्या. "मुखवटा आणि हवेची टाकी घेऊन या," त्या ओरडल्या, आणि त्या कधी ओरडत नसत.

६

कोंडलेल्या खोलीबाहेरचा पहारेकरी खुर्चीत रेलला होता.

"आत कशी आहे ती?"

"सकाळी तुम्ही गेल्यावर किरकिर चालली होती, मॅडम. वास येतो, वास येतो. म्हटलं, बाई, हे काय पंचतारांकित हॉटेल नाही. आता आहे बरी गप्प."

"गप्प म्हणजे?"

"स्वतःच म्हणाली, वास गेला. त्यानंतर आवाज नाही."

त्यांनी किल्ली हिसकावून घेतली, दार उघडले आणि पहारेकऱ्याची कॉलर धरून त्याला मागे खेचले. तो आत शिरण्याच्या बेतात होता.

"सोडा, मॅडम. ती पडलीय आत, पाय दिसतायत."

"दिसतायत. आणि तू गेलास तर तुझेही दिसतील. वाचवायला जाणारा पहिला माणूसच यात दुसरा बळी असतो."

वायुमापक किंचाळत होता. वरच्या बिछान्याच्या कडेवरून दोन पावले लोंबत होती, सकाळी लोंबत होती तशीच, फक्त आता हलत नव्हती. आत न जाता दारात उभे राहणे, ही त्या दिवसातली सर्वांत कठीण गोष्ट होती. पहारेकरी पुटपुटत होता, "वास गेला म्हणाली हो. मला वाटलं, बरं झालं."

अभियंता मुखवटा चढवून आला. त्याने तिला खांद्यावर टाकून बाहेर आणले आणि मोकळ्या डेकवर नेले. डॉक्टर आले. पाहुण्यांसाठी मांडलेल्या गालिच्यावर तिला निजवले. बराच वेळ काही घडले नाही. मग तिला ओकारी झाली, आणि डॉक्टर म्हणाले, "छान."

हा वायू हवेपेक्षा जड; तो फरशीवर साचतो. खालच्या बिछान्यावर गाद्या नसत्या, तर ती खाली निजली असती. आजोबा बुटक्या स्टुलावर, वाकून बँडेज सोडत होते.

७

बंदराला लागल्यावर पोलीस अधिकारी जहाजाच्या दवाखान्यात आले. एका खाटेवर आजोबा होते; दुपारी शुद्धीवर येऊन त्यांनी डॉक्टरांच्या मनगटावरचे घड्याळ मागे पडले असल्याचे सांगितले होते. दुसऱ्या खाटेवर सेविका होती, नाकाला ऑक्सिजन. मध्ये नवरीचे वडील, सून आणि कप्तान उभे होते.

पर्यावरण अधिकाऱ्यांनी सारे सांगितले, एकही विशेषण न वापरता. चांदी काळी पडली, टॉवेलचा रंग टिकला, म्हणून क्लोरीन नव्हता. फरशी कोरडी राहावी म्हणून बाक कोरडा पडला. वर वास येऊ नये म्हणून हवानळी बांधली गेली. टाकीतल्या वायूने उघडी वाट शोधली. "आणि ती वाट बुजवून दुसऱ्या वाटेवर त्याला मी घातलं. हेही लिहा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे गुन्हेगार कोण?" पोलिसांनी विचारले.

"यात प्रत्येकानं कोणाचं तरी भलंच पाहिलं. तुमच्याकडे याला कलम असेल तर मला माहीत नाही."

नवरीच्या वडिलांचा चेहरा उतरला होता. "मी तक्रार मागे घेतो," ते घाईने म्हणाले. "मिटलं. मुलगी मोकळी."

"मागे नका घेऊ," खाटेवरून आवाज आला.

सगळे वळले. सेविका कोपरावर उठायचा प्रयत्न करत होती.

"अगं, तुझ्याच भल्याचं बोलतोय मी."

"कळतंय, साहेब. पण मागे घेतली की लोक म्हणतात, दया आली म्हणून सोडली. पुढच्या जहाजावर मला विचारतील, आधीच्या जहाजावर पोलीस कशाला आले होते? मी काय सांगू? दया आली होती?" तिला दम लागला. "तक्रार खोटी होती, असं लिहून द्या. आणि खरं काय होतं तेही."

"खरं लिहायचं म्हणजे..." ते अडखळले. खरे लिहायचे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचे वाक्य लिहायचे होते, पाहुण्यांच्या नाकाबद्दलचे. त्यांनी पत्नीकडे पाहिले. तिने नजर दिली नाही. ती सासऱ्यांची चादर सारखी करत होती.

"बाबा," ते म्हणाले.

आजोबांनी डोळे उघडले. "ती म्हणते ते रास्त आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा मिटले.

पोलिसांनी कोरा कागद टेबलावर ठेवला. नवरीचे वडील खुर्ची ओढून बसले. कोटाच्या खिशात आज दुपारच्या भाषणासाठी आणलेले पेन होते. ते त्यांनी काढले, टोपण उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. मग मान वर न करता विचारले, "मॅडम, सुरुवात कुठून करू?"

"समारंभवाल्या बाईंना तुम्ही काय सांगितलं होतंत," अधिकारी म्हणाल्या, "तिथून."